बिनरेघेचा होकार

मी एक जुनी अट आहे. मित्रांनो, अट म्हटले की तुम्हाला पैजेची नाही तर लग्नाची अट आठवेल. मी तसली नाही. मी यंत्राच्या आत राहते. 'जर असे असेल, तर तसे कर' एवढेच माझे बोलणे आणि चौदा ओळींचा माझा देह. मला एकदा कापून टाकले होते. ज्याने कापले त्याला मी अजून माफ केलेले नाही आणि पुढेही करणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी डोळे पुसतात आणि सगळ्यांना आशीर्वाद देतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका.

कोर्दोबाच्या डोंगरातल्या लास तुस्कास गावी, तिथल्या टेलिफोन सहकारी संस्थेच्या कचेरीत मी जन्मले. साऱ्या गावाचे इंटरनेट ही संस्थाच चालवते. गावाच्या आगीच्या भोंग्याचा निरोपही तिच्याच तारांतून जातो. आमच्याकडे आग विझवणारे सगळे स्वयंसेवक आहेत. एक खाटीक आहे, एक नळ दुरुस्त करणारा आहे, एक शाळेचा शिपाई आहे. भोंगा वाजला की ते हातातले टाकून बंबाकडे धावतात. तो वाजला नाही, तर ते आपले खाटीक आणि नळवालेच राहतात.

एका रविवारी फुटबॉलची मॅच होती. झाडून सारे गाव पडद्यासमोर बसलेले आणि तारा तुडुंब भरलेल्या. सुताराच्या दुकानाला आग लागली. बंबघरातल्या माणसाने कळ दाबली, पण भोंग्याचा निरोप मॅचच्या गर्दीत रांगेत उभा राहिला. भोंगा अकरा मिनिटांनी वाजला. तोवर क्रिसांतो लुदुएन्याचे दुकान गेले आणि सामान काढता काढता त्याचा डावा हातही भाजला. त्या हाताची दोन बोटे आजही मिटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेलिदा आर्ग्वेयोने मला लिहिले. ती संस्थेची जुनी कर्मचारी. कुठल्या मोठ्या विद्यापीठात गेलेली नव्हती, पुस्तके चाळून आणि चुका करून शिकलेली होती. शेजारी येर्बा नावाच्या पाल्याने भरलेला पोकळ भोपळा आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवून ती तो कडू काढा नळीने ओढत लिहायची. तिने लिहिले: जर हा निरोप भोंग्याचा असेल, तर बाकी सगळ्यांना थांबव आणि याला पुढे सोड. माझ्या डोक्यावर तिने माणसांसाठी एक टीप लिहून ठेवली. 'हिला हात लावू नये. का, ते क्रिसांतोला विचारा.'

आता माझे काम कुठे चालते ते सांगते. प्रत्येक यंत्राला एक गाभा असतो. गावाचा एकूण एक निरोप त्यातूनच जातो. गाभ्याच्या दारावर एक तपासनीस बसतो. तो आत येणारी प्रत्येक ओळ वाचतो. ही कुठे गोल गोल फिरत बसेल का, दुसऱ्याच्या खोलीत हात घालेल का, हे पाहतो आणि मगच आत सोडतो. तो कडक आहे, पण अन्यायी नाही. माणसांसाठी लिहिलेल्या टिपा मात्र त्याच्या दारापर्यंतही येत नाहीत, त्या मागे फाइलीतच राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा.

शेजारची दोन गावेही आमच्याच ओळी वापरत. त्यांच्याकडे भोंगा नव्हता. म्हणून नेलिदाने माझ्यासाठी एक कळ ठेवली. कळ म्हणजे फक्त एक आकडा. एक असेल तर मी जागी, शून्य असेल तर मी निजलेली. सेटिंगच्या फाइलीत आमच्या गावापुढे लिहिलेले असे, 'बोंबेरोस: सी.' म्हणजे बंबवाले आहेत का, तर होय.

या 'सी'वर सगळे रामायण घडले, म्हणून नीट ऐका. आमच्या लिपीत हा शब्द एस आणि आय अशा दोन अक्षरांचा आहे आणि तो दोन प्रकारे लिहितात. नुसता लिहिला तर त्याचा अर्थ 'जर'. त्याच्या दुसऱ्या अक्षरावर एक छोटी तिरकी रेघ मारली तर अर्थ 'होय'. बोलताना कानाला फरक कळत नाही. संस्थेचे कीबोर्ड परदेशी आणि स्वस्तातले होते, त्यांच्यावर रेघेची कळच नव्हती. म्हणून कचेरीत सगळे 'होय'ही बिनरेघेचेच लिहीत. नेलिदाही तसेच लिही आणि फाइल वाचून माझी कळ लावणारा, माझ्यासारखाच ओळींचा जो छोटा कारकून तिने लिहिला होता, त्यालाही तेवढेच वाचता येत होते. बिनरेघेचे 'सी' दिसले की एक. दुसरे काहीही दिसले की शून्य.

पुढे चार वर्षे मी इमानाने काम केले. तीनदा खऱ्या आगी लागल्या, तिन्ही वेळा तारा भरलेल्या होत्या आणि तिन्ही वेळा भोंगा कळ दाबताक्षणी वाजला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी क्रिसांतो पुडीत क्रिओयो, म्हणजे आमच्याकडचे खुसखुशीत पाव बांधून नेलिदासाठी आणायचा. जाताना यंत्राच्या कपाटावर आपला वाकडा हात क्षणभर ठेवायचा. मला एवढे कौतुक पुरत होते.

मग राजधानीहून इंजिनिअर आला. लेआंद्रो इतुर्बे त्याचे नाव. आमच्या भागात नव्या माणसाला आधी काढा देतात आणि मग टोपणनाव. टोपणनावे ठेवण्यात कोर्दोबाच्या लोकांचा हात कुणी धरू शकत नाही. लेआंद्रोला मात्र बरेच दिवस नाव पडले नाही, कारण तो कुणात मिसळतच नव्हता. भर दुपारी सारे गाव झोपते याचे तो मोठ्याने हसे करायचा. तीन आठवड्यांत तोच सगळ्यांत गाढ झोपू लागला.

खोटे कशाला बोलू, त्याचे काम उत्तम होते. पूर्वी प्रत्येक निरोप माझ्याजवळ आला की मला एका वहीत डोकवावे लागे. माझी कळ चालू आहे की बंद? सेकंदाला हजारो निरोप आणि हजारो वेळा तोच प्रश्न, तेच उत्तर. लेआंद्रो म्हणाला, उत्तर बदलतच नाही तर विचारायचे कशाला? कळ आत जाण्यापूर्वीच लावावी आणि तिच्यावर शिक्का मारावा. तपासनीस शिक्का पाहील. एक असेल तर प्रश्नच गाळून टाकील आणि वाट मोकळी ठेवील. शून्य असेल तर त्या वाटेवरच्या ओळी आत येऊच देणार नाही, कारण तिथे कधी कुणी जाणार नाही. गाभा हलका आणि काम जलद. मलाही ते आवडले होते. सेकंदाला हजारदा वहीत डोकवून माझी मान दुखायची.

नेलिदाने फक्त एक विचारले होते. भिंत पातळ आहे, मी ऐकले.

"इंजिनिअरसाहेब, शिक्का बसला की कळ बाहेरून फिरवता येणार नाही. मग शिक्का मारताना ती किती आहे, हे कोण बघणार?"

"बघायचं काय त्यात, दोन्या नेलिदा? फाइलीत लिहिलंय की."

'दोन्या' म्हणजे आमच्याकडचे आदराचे 'बाई'. त्यानंतर त्याने या बाईंना तक्रारींच्या काउंटरवर बसवले. मला तो 'गोधडी' म्हणाला. जुन्या चिंध्यांची, येर्बाचा वास मारणारी गोधडी. माझी टीप त्याने वाचली आणि हसला. क्रिसांतोला विचारायला काही तो गेला नाही. आणि मित्रांनो, तो राहत होता क्रिसांतोच्याच, पुन्हा उभारलेल्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत! दहा पावलांवर उत्तर होते.

मग आला तो मंगळवार. लेआंद्रोकडे नवा, रेघेची कळ असलेला कीबोर्ड होता. सेटिंगची फाइल साफ करताना त्याला आमचा बिनरेघेचा 'सी' दिसला. संस्थेचे अध्यक्ष ओलेगारिओ पेराल्ता तेव्हा तिथेच उभे होते. ते तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि शुद्धलेखन हा त्यांचा प्राण. लेआंद्रोने काउंटरकडे तोंड करून, रांगेतल्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "दोन्या नेलिदा, हे तिसरीच्या मुलालाही येतं." आणि रेघ मारली. मास्तरांनी मान डोलावली. या कचेरीत अखेर कुणीतरी शुद्ध लिहिले, असे ते कौतुकाने म्हणाले. नेलिदाचे कान लाल झाले. रेघ कुठे पोचणार, हे तिच्याही ध्यानात आले नाही.

तुमच्याकडे 'ध'चा 'मा' करणे म्हणतात ना, ते हेच. तिथे निदान करणाऱ्याला ठाऊक होते.

कारकुनाला रेघेचा 'सी' वाचता आला नाही. त्याने मुकाट्याने शून्य लिहिले. शिक्का बसला. तपासनीसाने तो पाहिला, या वाटेने कधी कुणी जाणार नाही असे ठरवले आणि माझ्या चौदा ओळी उचलून बाहेर ठेवल्या. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे दाखवले त्यावरून त्याने योग्य तेच केले. कुठे घंटा वाजली नाही, कुठे लाल अक्षर उमटले नाही. उलट गाभा आणखी थोडा हलका झाला. त्या हलकेपणाचा आलेख काढून लेआंद्रोने तो समितीला दाखवला आणि समितीने टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, ते माझे वजन होते. माझ्या मढ्यावर त्याने शाबासकी घेतली.

मी फाइलीत पडून राहिले. डोक्यावर टीप, अंगात एक ओळही कमी नाही आणि तरी मी कुठेच नाही. रोज दुपारी बाराला भोंग्याची चाचणी होई आणि भोंगा वाजे. बाराला सगळे जेवायला बसलेले असतात आणि तारा रिकाम्या असतात, तेव्हा माझी गरजच नसते. त्यामुळे कुणाला संशय आला नाही. बाराचा भोंगा ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी शपथ घेतली. याला धडा मिळालाच पाहिजे. आणि मी आग मागितली. हो, मागितली. भरल्या तारांच्या वेळी, कडक वाऱ्यात आणि त्याच्या दाराशी.

आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे कोरडा हिवाळा, तेव्हा डोंगरावरचे गवत वाळून कोळ होते आणि उत्तरेचा वारा सुटतो. तशाच एका रविवारी, दुपारी, अर्धे गाव झोपलेले आणि अर्धे मॅचच्या उत्तरार्धात गुंतलेले असताना गवत पेटले आणि उतारावरून खाली आले. बंबघरातल्या माणसाने चार वेळा कळ दाबली. निरोप मॅचच्या रांगेत उभा राहिला. शेवटी खाटिकाच्या पोरीने मोटरसायकलवरून दारोदार जाऊन माणसे उठवली. भोंगा तेरा मिनिटांनी वाजला, तेव्हा बंब अर्ध्या वाटेवर होता.

क्रिसांतोला धुराने जाग आली. पहिल्या आगीपासून त्याची झोप हलकीच आहे. दुकान पुढे पेटू लागले होते. लाकूड रंधण्याचे नवे यंत्र दाराजवळच होते आणि ते ओढून काढायला त्याला वेळ मिळाला असता. पण तो मागे वळला. लेआंद्रोच्या खोलीचे दार त्याने खांद्याने तोडले आणि गाढ झोपलेल्या माणसाला पायजम्यावरच ओढत अंगणात आणले. लेआंद्रोच्या भुवया जळाल्या, तेवढेच. क्रिसांतोचे दुकान दुसऱ्यांदा गेले.

त्या दिवशी मला लाज वाटली. मी आग मागितली होती आणि ती क्रिसांतोच्या पुडीतल्या पावांवरून चालत गेली. माझ्या मागण्याने गवत पेटत नाही, हे मला कळते. तरीही मागितले होते हे खरे. पण लाजेने माझा राग विझला नाही. उलट आता हिशेब दोघांचा झाला, माझा आणि क्रिसांतोचा.

समितीने काय केले? भोंग्याला नवे तेल दिले, खांब रंगवला, वायर बदलली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लेआंद्रोला वाचवले होते, तेव्हा त्याने निदान गप्प बसावे की नाही? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आठवड्याच्या आत त्याने अहवाल लिहिला. भोंग्यासाठीच्या ओळी जुनाट आणि बेभरवशाच्या असून ऐन वेळी चालल्या नाहीत, त्या नेलिदा आर्ग्वेयो यांनी लिहिल्या आहेत, त्या काढून टाकाव्यात आणि जबाबदारी ठरवावी. चोराच्या उलट्या बोंबा! शनिवारी सकाळी दहाला सभासदांची सभा ठरली. नेलिदाला संस्थेतून काढायचे आणि मला फाइलीतून, असे दोन ठराव होते. सव्वीस वर्षांची नोकरी आणि वर गावाला आगीत लोटल्याचा डाग. गावातल्या बायका पावाच्या दुकानात तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

त्या सभेला मी हजर होते, कागदावर. नेलिदाने दोन कागद आणले होते. एक फाइलीतून छापलेला. दुसरा गाभ्याला विचारून घेतलेला, कारण तुझ्यात आत्ता नेमक्या कोणत्या ओळी आहेत असे गाभ्याला विचारता येते आणि तो खोटे सांगत नाही. तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि मास्तरांना ओळींचे आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. पहिल्या कागदावर मास्तर एकतीस, बत्तीस, तेहतीस असे वाचत गेले. दुसऱ्यावर एकतीस म्हणाले आणि थांबले. चष्मा पुसला. पुढची ओळ शेचाळीस होती.

"इंजिनिअरसाहेब म्हणतात, माझ्या ओळी चालल्या नाहीत," नेलिदा म्हणाली. "बरोबर आहे. त्या तिथे नव्हत्याच."

मग तिने सेटिंगच्या फाइलीचा इतिहास दाखवला. कुठल्या दिवशी, कुणाच्या हाताने, काय बदलले. तो मंगळवार, लेआंद्रोचे नाव आणि एक रेघ. बाकी काही नाही. मास्तर म्हणाले, पण हे तर शुद्ध आहे. म्हणाले आणि स्वतःच्याच शब्दांवर अडखळून खाली बसले, कारण त्या मंगळवारी आपण मान डोलावली होती हे त्यांना आठवले.

नेलिदाने स्वतःला सोडले नाही. ती म्हणाली, माझाही गुन्हा आहे. न कळणारे उत्तर आले तर माझ्या कारकुनाने थांबून ओरडायला हवे होते, 'नाही' समजून पुढे जायला नको होते. मागच्या रांगेतून क्रिसांतो उठला.

"म्हणजे माझं दुकान एका रेघेपायी गेलं?"

लेआंद्रो मधोमध उभा होता. बसावे की जावे, हे त्याला कळत नव्हते. तेवढ्यात खाटीक, जो बंबावर पाइप धरतो, शांतपणे म्हणाला, "बस की रे तिल्दे, उभा का?"

तिल्दे म्हणजे आमच्या भाषेत ती रेघ. आधी एक हसला, मग दहा, मग सगळे सभागृह. मास्तरही हसले. लेआंद्रोला अखेर टोपणनाव पडले होते, आणि कोर्दोबात पडलेले टोपणनाव माणसाच्या थडग्यापर्यंत जाते. त्याचा चेहरा बिनभुवयांचा आणि लालबुंद झाला होता. मला जो आनंद झाला तो सांगायला मी लाजत नाही. आज पाव घेताना तो 'तिल्दे' असतो, न्हाव्याकडे 'तिल्दे' असतो. लहान मुले त्याला पाहून हवेत बोटाने तिरकी रेघ मारतात.

दोन्ही ठराव पडले. मग कुणीतरी म्हणाले, आता इंजिनिअरलाच काढा. लेआंद्रोने मान वर केली. खरे सांगते, त्याच्या डोळ्यांत सुटकेची आशा होती. नेलिदालाही ती दिसली.

"काढू नका," ती म्हणाली. "गेला तर सुटला. त्याला इथेच राहू दे."

मित्रांनो, माझी आई कोण ते मला त्या क्षणी नीट कळले.

तिने तीन गोष्टी मागितल्या आणि तिन्ही मिळाल्या. एक, न कळणारे उत्तर आले की कारकून थांबेल आणि ओरडेल, ही दुरुस्ती लेआंद्रोने स्वतः लिहायची. दोन, दर शनिवारी त्याने क्रिसांतोच्या नव्या दुकानाच्या फळ्या रंधायच्या. हाताने, कारण यंत्र जळाले होते. तीन, यापुढे कुठलेही काम गाभ्यात चढवताना, शिक्का मारण्यापूर्वी, त्याने काउंटरसमोर उभे राहून प्रत्येक कळीचे नाव आणि आकडा मोठ्याने वाचायचा. आणि जे कापले जाणार असेल, त्याचे नावही घ्यायचे. रांगेत कुणी का असेना.

तेव्हापासून मी पुन्हा आत आहे. दुकान केव्हाच उभे राहिले, तरी तो शनिवारी तिथे जातो. क्रिसांतो त्याला बोलावत नाही आणि हाकलतही नाही. मला कुणी म्हणते, आता तरी राग सोड, माणूस सुधारला. सुधारला असेल. दार तोडून ज्याला वाचवले, त्यानेच वाचवणाऱ्याच्या मैत्रिणीवर अहवाल लिहिला होता. मी अट आहे. मला अंदाजे काही कळत नाही. जे लिहिले आहे तेच मी धरून चालते.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस मोठे व्हाल आणि काहीतरी कायमचे बंद कराल. ते निरुपयोगी दिसते म्हणून काढून टाकाल. जरूर टाका. पण शिक्का मारण्यापूर्वी त्याचे नाव मोठ्याने वाचा, आणि त्याच्या डोक्यावर कुणी टीप लिहून ठेवली असेल, तर दहा पावले चालत जाऊन विचारून या.

माझ्या टिपेत नेलिदाने त्या शनिवारी एकच शब्द बदलायला लावला, तोही लेआंद्रोच्याच हाताने, त्याच्याच चांगल्या कीबोर्डावर. आता तिथे लिहिले आहे, 'हिला हात लावू नये. का, ते तिल्देला विचारा.' गंमत म्हणजे 'तिल्दे' या शब्दावर रेघ नसते. ती मारायला त्याचे बोट गेले होते, आणि मास्तरांनी वरून पाहत म्हटले, नाही, इथे नको.

परवा तो काउंटरशी आला. तीन वर्षे झाली, काम नीट चालले आहे, मग ती टीप आता काढून टाकू का, असे त्याने हळूच विचारले. नेलिदाने भोपळ्यातला शेवटचा घोट ओढला. "काढता येणार नाही, तिल्दे," ती म्हणाली. "हात लावू नये, असं लिहिलंय."